शेरबोतोची खिंड

कोक-चाट गावात माणूस मेला, की त्याला डोंगर चढावा लागतो. गाव खाली नदीकाठी आहे. जमीन सपाट, माती मऊ, फावडं टाकलं की हातभर माती सहज निघेल अशी. तरी या गावाचं कबरस्तान दोन तासांच्या चढावर, खिंडीत आहे. तिथे जूनमध्येही बर्फाचे पट्टे असतात आणि एक कबर खणायला सहा माणसं लागतात. खाली पॉप्लरच्या झाडांमागे एक जुनं कबरस्तान दिसतं. त्याच्या मातीच्या भिंती झिजून गुडघ्याएवढ्या उरल्या आहेत, आत मेंढ्या चरतात. त्या जागेत कित्येक पिढ्यांत कोणाला पुरलेलं नाही.

माझी मुलगी ऋजुता बिश्केकला डॉक्टरकी शिकते. ती ज्यांच्याकडे भाड्यानं राहते त्या बाईंचं माहेर म्हणजे हे कोक-चाट. मी किर्गिझस्तानला तिला भेटायला गेलो तेव्हा त्या बाईंनी आग्रह केला, म्हणून आम्ही बाप-लेक ऑगस्टमध्ये दोन दिवसांसाठी तिथे गेलो. घरात त्यांची आई, तुर्दुबू आपा, आणि या आपाची सून होती. तिकडे मोठ्या वयाच्या बाईला आपा म्हणतात. ही आपा ऐंशीच्या पुढची, पाठ ताठ, डोळे बारीक. ती बोलायची आणि ऋजुता मला मराठीत सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपाला कबरस्तानाबद्दल विचारलं. तिनं आधी मला नीट न्याहाळलं आणि ऋजुताला विचारलं, "हे विचारायला यांना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आपा. येताना गाडीतून दिसलं."

"खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी काही सांगितलं का?"

"नाही, आपा."

मग तिनं चहा ओतला आणि जे सांगितलं ते असं.

खिंडीत पहिली कबर आहे शेरबोतोची. तो अकीन होता. अकीन म्हणजे उभ्या उभ्या कवन रचून गाणारा. तीन तारांचं कोमुझ नावाचं वाद्य मांडीवर घ्यायचा आणि समोर जे असेल त्यावर गायचा. लग्न असलं तर लग्नावर, घोडा हरवला तर घोड्यावर. त्याला आई-बाप नव्हते, असं सांगतात. कोक-चाटच्या प्रत्येक चुलीवर तो जेवला आणि वाढला. त्यामुळे कोणाच्या तंबूत शिरताना त्याला बाहेरून हाक मारावी लागत नसे. तो नुसता खोकायचा आणि आत यायचा.

त्या काळी दक्षिणेकडच्या खानाचं राज्य होतं. खिंडीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर, खानाच्या किल्लेदाराची मातीची गढी होती. दर शरदात किल्लेदाराचे शिपाई येत आणि घोडे घेऊन जात. कर म्हणून नेत, पण मोजत मात्र कधीच नसत. जेवढे दिसतील तेवढे नेत. म्हणून कोक-चाटची टोळी आपले चांगले घोडे डोंगरात लपवायची. दरवर्षी जागा बदलायची. जागा फक्त टोळीच्या माणसांना ठाऊक.

सलग दोन वर्षं शिपाई गावात न थांबता थेट त्या लपवलेल्या कुरणावर गेले. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, नशीब. दुसऱ्या वर्षी कोणी नशीब म्हणालं नाही. दुसऱ्या वर्षी घोड्यांवर राखण करणारा एसेन नावाचा तरुण गुराखी आडवा गेला. शिपायांनी त्याला भाल्यानं मारलं. बात्मा नावाच्या विधवेचा तो एकुलता एक मुलगा.

टोळीचा म्होरक्या कोजोमुर. तो शूर होता, देणारा होता, पण संशयी. त्यानं एसेनच्या मातीवर उभं राहून सांगितलं, "आपल्यात कोणी फितूर आहे. आणि गढीत जाऊन परत येणारा आपल्यात एकच आहे."

ते खरं होतं. शेरबोतो गढीत जायचा. गाणारा सगळीकडे जातो. किल्लेदार त्याला बोलावून घ्यायचा, गाणं ऐकायचा, अंगरखा द्यायचा. किल्लेदारानं त्याला कायमचं राहायलाही सांगितलं होतं. शेरबोतो हसून म्हणायचा, "वारा खुंटीला बांधून ठेवत नाहीत." हे सगळं तो स्वतःच गावात येऊन सांगायचा. आता तेच त्याच्या विरुद्ध गेलं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही, म्हणे. पण शेरबोतो खोकून तंबूत शिरला की आतली माणसं बोलायची थांबायची. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा वाडगा देतात, आपा म्हणाली. तो संपला की पुन्हा अर्धा. म्हणजे बसा, अजून बसा. वाडगा काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ, हा प्या आणि उठा. एके दिवशी कोजोमुरनं भर बैठकीत शेरबोतोच्या हातात काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला. शेरबोतोनं तो सगळ्यांसमोर शांतपणे पिऊन टाकला. पण बोटं भाजली होती, असं सांगतात.

मग लोक त्याची गाणी तपासू लागले. कोजोमुरनं दोन माणसं नेमली. त्यांचं काम एवढंच, शेरबोतो गाईल तेव्हा ऐकायचं आणि प्रत्येक शब्द लक्षात ठेवायचा. त्यानं 'पांढरा उतार' का म्हटलं? आपल्या लपण्याच्या जागेजवळ पांढरा उतार आहे ना? 'सात बगळे' का म्हणाला, सहा का नाही? लग्नात नवरीला उद्देशून त्यानं 'उगवतीकडे बघ' असं गायलं, तर त्या रात्री घोडे पूर्वेच्या कुरणातून हलवले. ज्या माणसाच्या गाण्यावर ही माणसं रडली होती, हसली होती, त्याच्या गाण्यात आता ती फक्त दगा शोधत होती. आणि शोधणाऱ्याला सापडतंच.

शेवटी शेरबोतोनं स्वतःच टोळीला एकत्र बोलावलं. त्यानं सगळ्यांदेखत कोमुझच्या तिन्ही तारा काढल्या आणि वाद्य कोजोमुरच्या पुढ्यात ठेवलं.

"ज्यानं फितुरी केली त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल करेपर्यंत मी गाणार नाही," तो म्हणाला. "मला तुमच्यातच ठेवा. खोऱ्याबाहेर पाऊल टाकू देऊ नका. एकट्याला कुठे सोडू नका. मी इथे असताना बातमी गढीत गेली, तर तरी मी फितूर नाही हे मानाल ना?"

"मानू," कोजोमुर म्हणाला.

शेरबोतो मग कोजोमुरच्या तळावर राहिला. शेण गोळा करायचा, मेंढ्या दोहायच्या वेळी त्यांची मान धरून उभा राहायचा. त्याच्यावर कायम कोणाची तरी नजर असे. वर्ष गेलं. त्यानं एक सूर काढला नाही. आणि शरदात शिपाई पुन्हा थेट नव्या कुरणावर आले.

आता तरी संशय फिटायला हवा होता. पण लोक म्हणाले, त्यानं धुरानं खूण केली असेल. शेण तोच जाळतो ना! कोणी म्हणालं, मेंढ्यांच्या कानाला त्यानं गाठी बांधल्या असतील. कोणी म्हणालं, मुका राहतो म्हणजे मनात काहीतरी मोठं आहे. कोजोमुरनं दिलेला शब्द पाळला नाही. "खात्री झाली तर मानू, असं मी म्हणालो होतो," एवढंच तो म्हणाला. खरं तर तो तसं म्हणाला नव्हता. सगळ्यांना ते आठवत होतं, पण बोललं कोणी नाही.

त्या हिवाळ्यात बायकांनी नमदे, म्हणजे लोकरीची जाड अंथरणं, करायला घेतले. लोकर पसरायची, वर गरम पाणी मारायचं, चटईत गुंडाळायची आणि सगळ्यांनी मिळून कोपरांनी दाबत दाबत लाटायची. हे काम जड असतं, म्हणून शेरबोतोलाही जुंपलं. तो झिपारच्या शेजारी बसायचा. झिपार कोजोमुरची धाकटी बहीण. तिचा नवरा बायिझ चार वर्षांपूर्वी गढीच्या बाजूला गेला होता तो परतलाच नाही. तो नदीत वाहून गेला असं सगळे धरून चालले होते. झिपार नमद्यावर नक्षी काढण्यात अख्ख्या खोऱ्यात पहिली. लाल-काळी मेंढ्याची शिंगं ती अशी वळवायची की पाहणाऱ्याची बोटं आपोआप त्यावरून फिरत. दर शरदाच्या आधी ती खोगिराखाली घालायचा एक नमदा करायची आणि तो फिरत्या व्यापाऱ्याबरोबर गढीच्या बाजारात पाठवायची.

शेरबोतो तिच्या शेजारी बसून शिंगं पाहत होता. एका कोपऱ्यात तीन शिंगं उलटी वळलेली होती. झिपारचा हात चुकत नाही, हे तो जाणून होता. आणि मग त्याला आठवलं. किल्लेदाराच्या खोलीत भिंतीवर असेच दोन नमदे खिळ्यांनी ठोकलेले त्यानं पाहिले होते. कोरे करकरीत. कधी घोड्याच्या पाठीवर न पडलेले. तेव्हा त्याला नवल वाटलं होतं, की एवढा घोड्यांचा शौकीन माणूस खोगिराचा नमदा भिंतीला का लावतो.

दुसऱ्या दिवशी झिपार बर्फ फोडून ओढ्याचं पाणी काढत होती. राखण करणारा माणूस थोडा लांब, वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. शेरबोतो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"झिपार, बायिझ जिवंत आहे का?"

तिच्या हातातली कुऱ्हाड थांबली, असं सांगतात. ती त्याला आके म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. लहानपणी त्यानं तिला घोड्यावर बसायला शिकवलं होतं.

"गढीच्या विहिरीत आहे, आके," ती म्हणाली. "पाणी नसलेल्या. पहिल्या वर्षी किल्लेदारानं त्याचा कमरपट्टा पाठवला. म्हणाला, जागा कळव, नाहीतर पुढच्या वेळी पट्ट्यात हात असेल. मी कळवली. मग दरवर्षी कळवली."

"आणि एसेन?"

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मी घोडे दिले होते, आके. एसेनला दिलं नव्हतं."

"पण गेला तोच."

"हो," ती म्हणाली. "मीच मारलं त्याला. रोज सकाळी बात्माचा तंबू दिसतो तेव्हा मी हेच म्हणते. मग माझा नवरा आठवतो आणि पुन्हा नमदा लाटायला बसते. तुम्ही सांगा कोजोमुरला. मला लपवू नका."

कोजोमुर फितुराला काय शिक्षा देणार, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. चार घोड्यांना चार दोर. बहीण म्हणून तो सोडणार नव्हता. सोडलं असतं, तर टोळीनं त्याच्यावर संशय घेतला असता.

शेरबोतोला राग आला नव्हता असं नाही, आपा म्हणाली. वर्षाहून जास्त काळ त्यानं लोकांच्या नजरा सोसल्या होत्या, त्या या बाईमुळे. तो उठला, राखणदाराकडे तीन पावलं गेलासुद्धा. मग परत आला.

"तू स्वतःच्या तोंडानं बोललीस," तो म्हणाला. "माझी शपथ सुटली. आता मी गेल्यावर लोक जे म्हणतील ते म्हणू दे. तू फक्त यापुढे शिंगं नीट काढ."

दुसऱ्या दिवशी पहाटे, राखणदाराचा डोळा लागला असताना, शेरबोतो खोऱ्यातून नाहीसा झाला. बर्फात पावलं गढीच्या दिशेनं गेलेली दिसली. ती लपवायचा त्यानं काही प्रयत्न केला नव्हता.

गढीत काय झालं, ते बायिझनं नंतर बायकोला सांगितलं आणि तिच्याकडून ते आमच्यापर्यंत आलं. शेरबोतो किल्लेदारापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तू मला राहायला सांगत होतास. मी राहतो. खानाचे लोक आले की तुझ्यासाठी गाईन. बदल्यात दोन गोष्टी. विहिरीतला माणूस सोड. आणि कोक-चाटच्या कुरणांकडे पुन्हा फिरकू नकोस."

किल्लेदार हसला. "तुझी माणसं तुला माझा हेर समजतात, हे मला ठाऊक आहे. मीच ते पसरू दिलं. तू इथे राहिलास की ते खरंच ठरेल. पुन्हा तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुला."

"ठरू दे," शेरबोतो म्हणाला.

किल्लेदार दुष्ट होता, पण शब्दाला पक्का, असंही सांगतात. बायिझ सुटून घरी आला. दाढी कमरेपर्यंत, उजेडात डोळे उघडेनात. मी पळून आलो, असं त्यानं लोकांना सांगितलं. खरं सांगितलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, की शेरबोतोला तू विहिरीत आहेस हे कसं कळलं? आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे झिपार होती.

त्यानंतर घोडे नेणं थांबलं. त्या शरदात कोणी आलं नाही. पुढच्या शरदातही नाही. आणि कोक-चाटच्या लोकांनी काय म्हणावं? "बघा, तो इथून गेला आणि धाडी थांबल्या. म्हणजे तोच होता." वर व्यापाऱ्यांनी बातमी आणली, की शेरबोतो गढीत गातो. मग लोक म्हणाले, शपथही मोडली. जो काही थोडा संशय घ्यायचा बाकी होता, तो असा पुरा झाला. कोजोमुरनं त्याचं कोमुझ सगळ्यांसमोर जाळलं. त्याचं गाणं खोऱ्यात कोणी म्हणायचं नाही असा हुकूम काढला. पाळण्यापाशी एखादी आई नकळत त्याची ओळ गुणगुणली, तर सासू तिच्या तोंडावर हात ठेवायची. म्हणून आज शेरबोतोची गाणी दुसऱ्या खोऱ्यांत पुष्कळ आहेत, पण त्याच्या स्वतःच्या गावात चारच ओळी राहिल्या. त्याही अर्धवट.

सहा वर्षांनी बायिझ आजारी पडला. मरताना तो झिपारला म्हणाला, "आता तरी सांग." ती हो म्हणाली. पण त्याला पुरून झाल्यावर तिनं सांगितलं नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षाही सवय झाली होती, आपा म्हणाली.

आणखी पाच वर्षं गेली. बर्फ पडायच्या तोंडावर गढीतले दोन नोकर एका उंटावर नमद्यात गुंडाळलेलं प्रेत घेऊन खिंडीत आले. शेरबोतो वारला होता. मला माझ्या माणसांत पुरा, असं तो सांगून गेला होता, म्हणे. नोकरांनी खाली निरोप पाठवला.

सगळी टोळी हाताला लागली ती फावडी-काठ्या उचलून वर चढली, पण पुरायला नव्हे, अडवायला. कोजोमुर म्हातारा झाला होता, तरी पुढे तोच होता. तो खिंडीत आडवा उभा राहिला.

"याची माती खाली येणार नाही. एसेन जिथे झोपलाय तिथे हा झोपणार नाही."

नोकर म्हणाले, "मग आम्ही काय करू? वर ढग बघा."

"टाका इथेच."

त्यांनी खरंच प्रेत उतरवून दगडांवर ठेवलं आणि उंट घेऊन गढीच्या वाटेला लागले. माणसं उभी राहिली. कोणी पुढे होईना, कोणी खाली जाईना. बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते. तेवढ्यात झिपार वर पोचली. धाप लागलेली, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. ती प्रेताजवळ गेली नाही. ती बात्मासमोर जाऊन उभी राहिली, एसेनच्या आईसमोर.

"एसेनला यानं मारलं नाही," ती म्हणाली. "मी मारलं. कुरणाची जागा मी कळवत होते. नमद्यांवरून. यानं माझ्या नवऱ्यासाठी स्वतःला तिथे गहाण ठेवलं आणि मी अकरा वर्षं तोंड उघडलं नाही."

आधी कोणाला खरं वाटलं नाही. संशयाची इतकी सवय झालेली, की कोणी मागून म्हणालं, हिला कोणी शिकवून पाठवलं? मग झिपारनं एका काठीनं खिंडीतल्या जुन्या बर्फात नक्षी काढून दाखवली. हे शिंग म्हणजे हा ओढा, हे उलटं म्हणजे हा सुळका, आणि हे दुसऱ्या वर्षीचं, जिथे एसेन होता. माणसं वाकून बघत राहिली. त्या नक्षीच्या नमद्यांवर तीच माणसं वर्षानुवर्षं बसली होती.

सगळ्यांनी कोजोमुरकडे पाहिलं. चार घोडे, चार दोर. आणि मग बात्मा हलली. वाकलेली म्हातारी. तिनं कोणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं, प्रेतापासून दोन पावलांवर गेली आणि गोठलेल्या जमिनीवर मारलं. खणखणीत आवाज झाला, माती निघाली नाही. तिनं पुन्हा मारलं.

कोजोमुर तिच्याजवळ गेला. "आई, याला आता खाली नेऊ. एसेनजवळ ठेवू."

"खाली कशाला?" बात्मा म्हणाली. "तुम्ही याला इथे टाकलंत. मीही टाकलं. निदान आपल्या हातानं खणा तरी."

मग सहा जणांनी मिळून कबर खणली. कोजोमुरनं स्वतः माती काढली आणि माती काढता काढता मोठ्यानं बोलत राहिला, असं सांगतात. काठोकाठ वाडगा मी दिला. मानू म्हणालो आणि मानलं नाही. कोमुझ मी जाळलं. त्याचं ऐकून दुसरा बोलला, मग तिसरा. मी सात बगळ्यांची गोष्ट सांगितली होती. मी धुराची. कबर भरेपर्यंत सगळे बोलत होते.

झिपारला कोणी मारलं नाही. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. ती खाली परत आलीच नाही. खिंडीत दगडांचं एक खोपट करून राहिली आणि वाटसरूंना चहा देत राहिली. बात्मा तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पण दर शरदात ती चढून यायची, खोपटाच्या उंबऱ्यावर मिठाचा खडा ठेवायची आणि जायची. ती क्षमा होती की आठवण होती, यावर आमच्या घरातसुद्धा अजून भांडण होतं, असं आपा म्हणाली.

कोजोमुरनं मरताना सांगितलं, मला वर नेऊन पुरा. म्होरक्याला वर नेलं, मग त्याच्या मुलांना कसं खाली ठेवणार? मग झिपार गेली, बात्मा गेली. हळूहळू सगळ्यांनाच वर जायचं ठरलं. ज्याला गावात घेतलं नाही, त्याच्याकडे शेवटी गावच गेलं. आणि गाणारा आला, की त्यानं सुरू करण्याआधी घरानं बोलायचं, ही रीतही तिथूनच पडली. आपल्या मनात काय काळं आहे, ते घरातल्या थोरल्या बाईनं आधी सगळ्यांसमोर सांगायचं. मगच गाणाऱ्यानं तार लावायची.

आपा थांबली. मग जरा पुढे झुकून म्हणाली, "खालच्या खोऱ्यातले लोक वेगळं सांगतात. ते म्हणतात, झिपारनं भावाचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. जागा कळवणारा कोजोमुरच होता. नाहीतर त्याचे स्वतःचे घोडे एकदाही कसे गेले नाहीत?"

"तुम्हाला काय वाटतं, आपा?" ऋजुतानं विचारलं.

"मी कोजोमुरच्या वंशातली आहे. मला काय वाटतं ते विचारू नकोस," आपा म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुपारी जेवायला शेजारची बरीच माणसं आली. पाहुणे आलेत म्हणून सुनेनं वरच्या आळीतल्या एका मुलीला गायला बोलावलं होतं. विशीतली असेल, शाळेत गणित शिकवते म्हणाली. ती सतरंजीवरच्या मानाच्या जागी बसली, कोमुझ मांडीवर घेतलं आणि हात तसेच ठेवून थांबली. सगळे थांबले. आपा उठून उभी राहिली.

ती माझ्याकडे बघत चार-पाच वाक्यं बोलली. माणसं गंभीरपणे ऐकत होती. ऋजुताचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बाबा, त्या म्हणाल्या, काल हे पाहुणे आले तेव्हा मी सुनेला सांगून चांदीचे दागिने पेटीत घालून कुलूप लावलं. परका माणूस म्हणून मला यांचा संशय आला. जेवायला वाढतानाही तो मनात होता. हे मी सर्वांसमोर सांगते."

आपा बसली. गाणारी मुलगी अजूनही तारेला हात लावत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, की आता सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुणा एक रात्र राहिला, की त्यालाही त्या घरातलाच मोजतात.

मी म्हणालो, "ऋजू, त्यांना सांग. रात्री मी पासपोर्ट आणि पाकीट उशीच्या खोळीत घालून झोपलो. दोनदा उठून चाचपलं."

तिनं सांगितलं. आपानं मान हलवली. तिनं माझा वाडगा घेतला, अर्धा चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

कोक-चाटमध्ये आजही माणसाला डोंगर चढवून पुरतात आणि आजही घर बोलल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. त्या मुलीनं तार लावली आणि शेरबोतोच्या उरलेल्या चार ओळी म्हटल्या. चौथी मध्येच तुटते. पुढचं कोणालाच येत नाही, म्हणून ती तिथेच थांबली, आणि बाकीचेही त्या राहिलेल्या ओळीएवढा वेळ गप्प बसून राहिले.